तुळईला टांगलेला दम

वस्ताद,

डॉक्टरांनी मला काच फुंकायची नळी सोडायला सांगितली होती. हे तुम्हाला कळवायला पाहिजे असं तेव्हापासून मनात आहे, पण कळवायचं कसं? तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली, आणि जिवंत होता तेव्हाही तुम्हाला वाचता येत नव्हतं. कुणाचं पत्र आलं की तुम्ही ते माझ्या हातात द्यायचात, मी वाचून दाखवायचो, आणि मजकूर आवडला नाही की तुम्ही माझ्यावरच डाफरायचात, जणू मीच तो लिहिला होता. तेव्हा आज मीच लिहितो आणि मीच वाचतो. डाफरायचं तर डाफरा. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो आहे, आमची ही चुलीपुढे आहे आणि फुंकणीने जाळ करते आहे. एका फुंकेत करते. एके काळी मी दारातून यायचो, तिच्या हातातली फुंकणी घ्यायचो आणि एका श्वासात ओली लाकडंसुद्धा पेटवायचो, तेव्हा ती कौतुकाने बघायची. आता ती फुंकणी मला सापडणार नाही अशा ठिकाणी ठेवते. मागच्या महिन्यात फुंकणी शोधताना मी तिला सापडलो, तेव्हा ती नुसती बघत राहिली. ते मला फार लागलं.

तुमच्या जागेवर आता बीडकडचा एक गडी उभा असतो. तिशीचा आहे, छाती भात्यासारखी. आला त्याच आठवड्यात वर बघून म्हणाला, "काका, तुळईला ते काचंचे गोळे कशाचे टांगलेत?" मी म्हटलं, "ते दम आहेत." त्याला वाटलं मी थट्टा करतो. मग त्याला बसवून सगळं सांगावं लागलं. आपल्या शेडमध्ये नळी सोडणारा माणूस शेवटच्या दिवशी कंदिलाची काच फुंकत नाही की बाटली फुंकत नाही. भट्टीतला रस नळीच्या टोकाला घेतो आणि एकच गोळा फुंकतो, नारळाएवढा. मग गोळ्याचं तोंड रसाच्या थेंबाने कायमचं बंद करतो, म्हणजे त्याचा कामावरचा शेवटचा श्वास आत राहतो. गोळा हळूहळू निवला की तारेच्या जाळीत बसवून दाराकडच्या तुळईला टांगायचा. तोच त्याचा दम. त्यानंतर त्या माणसाने नळीला तोंड लावायचं नाही. आणि दम फुंकला जात असताना सगळ्या शेडने पाठ फिरवून उभं राहायचं, कारण माणसाचा शेवटचा श्वास बघायचा नसतो. गड्याने वर बघून सहाही गोळे मोजले. मग म्हणाला, "म्हणजे घरी कधी जायचं ते कोण ठरवतंय?" मी म्हटलं, "ज्याचं त्याने." त्याला मी बाकीचं सांगितलं नाही, पण खरी मेख तीच आहे. आपल्याकडे निवृत्तीला वय नाही, कागद नाही. दम फुंकण्याइतका दम छातीत आहे तोवर जायचं. लवकर गेलो तर भरल्या छातीने ओट्यावर बसायचं, उशीर केला तर गोळा भरत नाही. तुम्ही उशीर केलात. मीही केला.

तुमचा तो दिवस मी रोज आठवतो म्हटलं तरी चालेल. तुम्ही दोन वर्षं आज-उद्या करत होता. खोकल्याची उबळ आली की भट्टीकडे तोंड करायचात, म्हणजे भट्टीच्या आवाजात ती लपेल. लपायची नाही. तुमच्या छातीची शिट्टी तर सगळ्या शेडला पाठ होती, एक लांब आणि मागोमाग एक तोकडी, दारातून बाहेर पडलेला माणूस विसरलेली पिशवी घ्यायला परत यावा तशी. अखेर तुम्ही एका सकाळी म्हणालात, "आज." सगळ्यांनी पाठी फिरवल्या. मी तुमचा हाताखालचा, रस घेऊन नळी तुमच्या हातात द्यायची म्हणून तुमच्या शेजारी उभा. मीही पाठ फिरवणार, तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. गोळा लिंबाएवढाच झाला होता आणि तुमचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. तुम्ही नळी माझ्या तोंडाशी आणलीत. बारा वर्षं "दम धर की लेका, काच पळून चाललीय का" म्हणून मला झोडपणारा माणूस माझ्याकडे असा बघत होता की मला दुसरं काही सुचलंच नाही. मी फुंकलं. गोळा टरारून फुगला, नारळाएवढा, देखणा. मग तुम्ही नळी परत घेतलीत, तिला ओठ लावून उगाच क्षणभर उभे राहिलात, मला वाटलं कुणी वळून बघितलं तर म्हणून सोंग करता आहात, आणि मग गोळ्याचं तोंड बंद केलंत. पाठी वळल्या. सगळ्यांनी वाहवा केली. जाताना तुम्ही तुमची नळी मला दिलीत आणि एवढंच म्हणालात, "आता दम खा जरा." चार महिन्यांनी तुमच्या गावाहून, महाळुंग्याहून, निरोप आला की तुम्ही गेलात.

म्हणजे तेवीस वर्षं तुमच्या नावाने जो दम टांगलेला आहे तो माझा आहे, हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं. खरं सांगू? मला ते आवडायचं. दसऱ्याला सगळे दमांना झेंडू वाहायचे, तुमच्या दमापुढे जास्त वाकायचे, आणि मी मागे उभा राहून मनात म्हणायचो, वाका, वाका. तोंडाने "वस्तादांसारखा दम पुन्हा होणे नाही" म्हणायला मीच सगळ्यांत पुढे.

हे सगळं ठीक चाललं होतं ते दोन वर्षांमागच्या हिवाळ्यापर्यंत. एका सकाळी भट्टीपाशी उभा असताना माझ्या डाव्या खांद्यामागे शिट्टी वाजली. एक लांब, एक तोकडी. मी वळून बघितलं, कुणी नाही. बीडचा गडी समोर, त्याच्या तोंडात नळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. मी जागा बदलली तर तीही बदलायची. मी कुणाला सांगितलं नाही, पण तुमच्याशी मनातल्या मनात बोलायला लागलो. उबळ आली की म्हणायचो, बघता काय, हात द्या. त्याच सुमाराला दुसरं एक दिसलं. दाराकडची तुळई थंड असते, सकाळी तिथे गारवा असतो. सहा दमांपैकी पाच अगदी स्वच्छ असायचे, पलीकडची कौलं दिसायची. तुमच्या दमाला आतून धुकं यायचं. यायचं आणि जायचं. उन्हाने जात असेल म्हणून मी तीन-चार दिवस लक्ष ठेवलं. ऊन त्या तुळईपर्यंत पोचतच नाही.

डॉक्टरांकडे गेलो तो हिने धरून नेलं म्हणून. चिंचवडातच बसतात, तरुण आहेत, बोलायला मोकळे. छाती ऐकली, पाठ ऐकली, मग आपल्या कानातल्या नळ्या काढून माझ्याच कानात घातल्या आणि म्हणाले, "ऐका." मी ऐकलं. तुम्ही होता. एक लांब, एक तोकडी. माझ्या बरगड्यांच्या आत. मी म्हटलं, "हे आमचे वस्ताद." डॉक्टर म्हणाले, "काय म्हणालात?" मी म्हटलं, "काही नाही." म्हणजे इतके दिवस खांद्यामागे जे वाजत होतं ते मीच होतो. डॉक्टर म्हणाले, "फुगा खूप दिवस फुगवून ठेवला की सैल पडतो, तशी फुप्फुसं झाली आहेत. नळी आज सोडलीत तर बरीच वर्षं अंगणात बसून काढाल. आणखी वर्षभर फुंकत राहिलात तर मी काही सांगू शकत नाही." ही मला घरी घेऊन आली. वाटेत एकदाच म्हणाली, "ऐकलंत ना?" मी म्हटलं, "ऐकलं."

ऐकलं, पण सोडली नाही. लोकांना वाटलं पोटासाठी. तसं नव्हतं, पोरं कमावती आहेत, धाकट्याला पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागूनही वर्ष झालं. मला भीती होती की माझा गोळा भरणार नाही आणि मला कुणाचं तरी मनगट धरावं लागेल. बीडच्या गड्याचं. मग तो तेवीस वर्षं मागे उभा राहून मनात म्हणेल, वाका. आणि भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती. मला वाटायचं, माझा तिशीतला एक भरलेला श्वास वर टांगलेला आहे, जिवंत आहे, धुकं धरतो आहे. ज्याच्याजवळ असा शिल्लक साठा आहे त्याला कसली घाई? हसू नका. तो टांगलेला असेपर्यंत मला काही होणार नाही अशी माझी खात्रीच होती. याच खात्रीत एक दिवस खोकल्याची उबळ आली, नळी कलली आणि तिच्यावरचा लालभडक रस बीडच्या गड्याच्या पावलापासून वीतभर अंतरावर पडला. त्याने पाय मागे घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, कशाला जिवाशी खेळायलात?" कुणाच्या जिवाशी ते त्याने सांगितलं नाही. तेवढी त्याची माणुसकी.

मग छप्पर उतरवायचं निघालं. कंदिलाच्या काचा आता कोण घेतं, घराघरात वीज येते आहे. औषधाच्या कुप्या करणारं यंत्र यायचं आहे आणि ते जुन्या तुळयांखाली मावत नाही. दम ज्याच्या त्याच्या घरी पोचवा असं ठरलं. तुमचा दम महाळुंग्याला तुमच्या घरी, काकींकडे नेण्याचं काम मी मागून घेतलं. मनात होतं की काकींना खरं सांगावं, हा दम वस्तादांचा नाही, माझा आहे, आणि मला परत द्या. होय, परत मागणार होतो. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. टोपलीत भाताचा पेंढा घातला, त्यात गोळा ठेवला आणि सकाळच्या गाडीने तळेगावला निघालो. डब्यात माणसं थोडी. गोळा मांडीवर. देहूरोड गेलं आणि मी बघतो तर आत धुकं आलं. मी श्वास घेतला, गेलं. सोडला, आलं. वाटलं, माझाच श्वास बाहेरून लागत असेल, म्हणून धोतराच्या सोग्याने काच पुसली. बाहेरून कोरडी होती. मग श्वास रोखला. धुकं अर्ध्यावर थांबलं आणि तिथेच राहिलं, मी सोडेपर्यंत. वस्ताद, माणसाने घाबरून टोपली खिडकीबाहेर टाकावी असा तो प्रकार होता. मला आनंद झाला. मी मनात म्हटलं, माझाच आहे.

तळेगावहून चाकणच्या गाडीने महाळुंग्याच्या फाट्यावर उतरलो आणि पुढचं चालत. चार ठिकाणी बसावं लागलं. काकी पडवीत पाटावर बसून पावटे सोलत होत्या. डोळ्यांनी आता फार थोडं दिसतं त्यांना. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "कोन हाय? लई दम लागलाय तुला. चालत आलास व्हय?"

"मी काकी, चिंचवडचा. वस्तादांच्या हाताखालचा."

"अगं बाई, तू? ये, टेक. आदी गूळपानी घे."

पाणी प्यायलो आणि टोपली त्यांच्यापुढे सरकवली. म्हटलं, "वस्तादांचा दम आणलाय. छप्पर उतरवतायत तिकडं." त्यांनी पदराला हात पुसले, पेंढ्यात चाचपलं आणि गोळा उचलला. मला वाटलं कपाळाला लावतील. त्यांनी तो कानाला लावला.

मी म्हटलं, "काकी, एक सांगायचं होतं."

"गप. आइकू दे."

ऐकू येण्यासारखी माझी छाती होतीच, दोन हातांवर, भात्यासारखी वाजत. काकींच्या उजव्या हाताचं बोट पाटावर चालायला लागलं. एक लांब रेघ, आणि मग एक टिचकी. लांब रेघ, टिचकी. त्यांच्या तोंडावर हसू आलं. "ह्येच," त्या म्हणाल्या. "निजल्यावर असंच वाजायचं. मी कूस बदलली की थांबायचं, मंग परत." मला त्यांची दया आली. बिचारी माझी छाती ऐकते आहे आणि नवऱ्याची समजते आहे. आणि दयेच्या जोडीला, लाज वाटते सांगायला, जिंकल्यासारखंही वाटलं. म्हटलं आता दाखवूनच देऊ. मी श्वास रोखला. शिट्टी थांबली, पडवी शांत झाली, गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू यायला लागलं. काकींचं बोट थांबेल म्हणून मी बघत राहिलो. लांब रेघ, टिचकी. लांब रेघ, टिचकी. माझ्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं, कानात घण बसायला लागले, आणि बोट चालूच. पाचव्या टिचकीला काकी गोळा कानावरून न काढता म्हणाल्या, "तू का थांबलास रं? तू घे की श्वास. त्येंचा चालूच हाय."

मी श्वास घेतला तो असा की खांबाला धरावं लागलं. काकी पाठीवर हात फिरवत होत्या. मी कसंबसं म्हटलं, "काकी, हा दम त्यांनी नाही, मी..."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "त्येच सांगत व्हते. पोरानं फुगिवला म्हनले. म्या फकस्त तोंड बंद करायच्या आदी जराशी भर घातली, असं म्हनले." आणि मग पुन्हा पावटे सोलायला लागल्या, गोळा मांडीत ठेवून. आत धुकं होतं. मी बघत बसलो. माझ्या श्वासाशी त्याचा काही संबंध राहिला नव्हता. ते आपलं आपलं येत होतं आणि जात होतं, सावकाश.

सोंग नव्हतं तर ते. डोळे पांढरे झालेले असताना तुम्ही छातीच्या तळातून जे काही उरलं होतं ते काढून त्यात घातलंत, चिमूटभर, आणि चार महिन्यांनी गेलात. ते चिमूटभर तेवीस वर्षं चाललं आहे. माझा तो नारळाएवढा देखणा श्वास कधीच विरून गेला असणार. म्हणजे माझा साठा कुठेच नव्हता. होतं ते सगळं माझ्या छातीत, आणि ते किती आहे ते डॉक्टरांनी माझ्याच कानाला ऐकवलं होतं. मी घरी येऊन हिला म्हटलं, "शनिवारी सोडतो." तिने चुलीकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ तिकडेच ठेवलं.

शनिवारी सगळ्यांनी पाठी फिरवल्या. बीडच्या गड्याचीही पाठ माझ्याकडे होती आणि सदरा घामाने चिकटलेला होता. मी तुमची नळी घेतली, रस घेतला, ओठ लावले. अंदाज आला. लिंबाएवढा भरला असता, फार तर मोसंबीएवढा, आणि मग त्या पाठींपैकी एकीला हाक मारावी लागली असती. मी नळी खाली केली आणि रस पाण्याच्या घमेल्यात सोडला. चर्र झालं तशी सगळी वळली. मी म्हटलं, "राहू दे. एवढा आहे तो घरी नेतो." मला वाटत होतं हसतील, पण कुणी हसलं नाही. बीडच्या गड्याने घमेल्यातला काचेचा लोळा चिमट्याने बाहेर काढून बाजूला ठेवला आणि मला दारापर्यंत सोडायला आला. एवढं भयंकर काही नव्हतं ते, वस्ताद. दोन वर्षं उगाच जीव टांगून ठेवला मी.

आता घरी बसतो, अंगणात फिरतो, दम खातो. तुम्ही सांगितलं होतंत त्याला तेवीस वर्षं उशीर झाला, पण खातो. हे पत्र कुठे टाकायचं ते ठरवलं आहे. कागद पातळ आहे, घट्ट गुंडाळला की तुमच्या नळीत जाईल. म्हणजे पत्रही राहील आणि नळीचं तोंडही बंद होईल, मला मोह व्हायला नको. फक्त एक गोष्ट हिला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगतो. दुपारी घरात कुणी नसलं की मी श्वास रोखून बघतो, आत माझ्याशिवाय तुम्हीही आहात का ते. रोखला की शिट्टी थांबते. रोज थांबते. काल जरा उशिरा थांबली.